अ‍ॅपने आईला नेसवलेली साडी

साडी दाखवायच्या आधी त्या अ‍ॅपने माझ्याकडे कॅमेरा मागितला. मग फोनमधले फोटो मागितले, मग ओळखीच्या माणसांचे नंबर, आणि शेवटी मी आत्ता कुठे आहे तेही. मी रत्नागिरीत, आमच्या भाड्याच्या घरात, रविवारची जेवणं उरकून पलंगावर बसले होते. हे एका साडीवाल्याला कशाला कळायला हवं? बाजारात दुकानात गेलं तर माणूस आधी "या ताई, बसा" म्हणतो, पाणी विचारतो. हा आधी घराच्या चाव्या मागत होता.

संशय घेणं हा माझ्या नोकरीचाच भाग आहे. मिरजोळ्याच्या औद्योगिक वसाहतीत कोळंबी गोठवायचा एक कारखाना आहे, तिथल्या प्रयोगशाळेत मी काम करते. आलेला माल खराब आहे असं धरून तपासायला बसायचं आणि चांगला निघाला तर देवाचे आभार मानायचे, असं आमच्या साहेबांनी पहिल्याच आठवड्यात शिकवलं. त्याच्याही आधी हायस्कूलच्या बाईंनी शिकवलं होतं, की जिथे सही करशील तिथलं शेवटच्या ओळीपर्यंत वाचायचं. आमच्या घरात माझ्याआधी कोणी कॉलेजात गेलं नव्हतं. या बाई उन्हातून चालत आमच्या घरी आल्या नसत्या आणि त्यांनी वडिलांची समजूत घातली नसती, तर मीही गेले नसते. त्यांचं कुठलंही सांगणं मोडताना आजही माझा हात अडतो. म्हणून मी त्या अ‍ॅपच्या अटी वाचायला बसले. त्या इंग्रजीत होत्या आणि संपता संपत नव्हत्या.

नवरा शेजारी पेपर वाचत होता. तो म्हणाला, "साडी घेतेयस की जमीन?"

सगळं वाचून मी नंबर द्यायला नाही म्हटलं, ठिकाण द्यायला नाही म्हटलं, फक्त कॅमेरा आणि फोटोंना हो म्हटलं. तेव्हा मला वाटलं, आपण पुरेशा सावध आहोत.

हे सगळं चाललं होतं धाकट्या बहिणीच्या हळदीसाठी. आमचं गाव रत्नागिरीपासून आत, घाटाच्या बाजूला आहे. वाडीतल्या कुठल्याही घरी हळद असली की सगळ्या बायका एकसारखी साडी नेसतात. ही पद्धत काही फार जुनी नाही, माझ्या लहानपणी नव्हती, पण आता ती अशी रुजली आहे की जणू ग्रामदेवतेने कौलच दिला असावा. पूर्वी कुणीतरी दोघी-तिघी एसटीने रत्नागिरीला येऊन साड्यांचा गठ्ठा घेऊन जायच्या. त्याच गठ्ठ्यात विधवा बायकांसाठी वेगळ्या साड्या असायच्या, राखी नाहीतर फिकट जांभळ्या. त्यांना कोणी विचारायचं नाही, आणि त्याही विचारायच्या नाहीत.

आईच्या वाट्याला तशी साडी यायला लागली त्याला बरीच वर्षं झाली. वडील मुंबईत एका कंपनीच्या कॅन्टीनमध्ये होते. मी पदवीच्या शेवटच्या वर्षाला असताना ते गेले. पुढे माझं लग्न झालं तेव्हा माझ्या हळदीला आई मांडवात आलीच नाही. आत चुलीपुढे वडे तळत होती. मला हळद लावायला वाडीतल्या सवाष्णी होत्या, मुंबईहून आलेल्या होत्या, ज्यांना मी आधी कधी पाहिलं नव्हतं अशाही होत्या. आईचा हात मला लागला तो दुसऱ्या दिवशी, हळद धुऊन झाल्यावर. तेव्हा ती काही बोलली नाही. पण बहिणीचं लग्न ठरलं त्या दिवशी फोनवर मला म्हणाली, "हिच्या अंगाला तरी माजा हात लागंल काय गो?" आणि मी काही बोलायच्या आत कोंबड्यांना मुंगूस त्रास देतोय त्याचं सांगायला लागली.

यंदा साड्यांचं काम माझ्या चुलतभावाच्या बायकोने, म्हणजे वहिनीने अंगावर घेतलं होतं. ती काही वर्षं मुंबईला राहून गावी परत आलेली, त्यामुळे फोनमधलं तिला सगळं येतं. एका मोठ्या कपड्यांच्या कंपनीचं अ‍ॅप तिने शोधून काढलं. त्यात पुष्कळ जणींना मिळून एकच बॅग भरता येत होती. शिवाय आपला फोटो टाकला की अ‍ॅप आपल्याला साडी नेसवून दाखवत होतं. वाडीच्या ग्रुपवर तिने लिंक टाकली आणि खाली बोलून पाठवलं, "सगळ्यांनी लिंक दाबा, आपापला फोटो टाका, कशी दिसते ती आत्ताच बघून घ्या. मागनं कुरकूर नको. आणि फोटो काढताना मागची भांडी दिसू देऊ नका, माझ्या आयांनो."

बॅगेत एकेकीच्या नावापुढे साडी लावलेली होती. पिवळी, हिरव्या काठांची. आईच्या नावापुढे राखी होती.

आई त्या आठवड्यात लग्नाच्या खरेदीसाठी माझ्याकडे आलेली होती. खाली बसून सुपात तांदूळ निवडत ती माझ्याकडे बघत होती. मी भिंतीशी उभी राहिले, नवऱ्याने फोटो काढला. पडद्यावर एक गोल बराच वेळ फिरत राहिला आणि मग पिवळ्या साडीतली एक बाई दिसली. ती माझ्यासारखी होती. पण माझ्या हनुवटीवर एक खूण आहे, लहानपणी काजूच्या झाडावरून पडले होते तिची. ती गेली होती. रंग उजळला होता, कंबर लहान झाली होती, आणि कानात मी कधीच घातले नसते असे झुमके होते.

"ही कोण?" नवरा म्हणाला.

आईने फोन हातात घेऊन जवळ धरला, मग लांब धरला. "तुजी खूण कुटं गेली?"

"अ‍ॅपने काढून टाकली."

"कुनाला इचारून?"

मलाही तेच वाटत होतं. जो न मागता एवढं सुंदर करतो, त्याला आपल्याकडून काहीतरी हवं असतं. मी अ‍ॅप बंद करणार तेवढ्यात आई सूप बाजूला सारून उठली. पदराने तोंड पुसलं आणि भिंतीशी जाऊन उभी राहिली.

"माजा पन काड."

आईचे फोटो म्हणजे आधारकार्डाचे, पासबुकाचे, रेशनचे. कशाला तरी लागणारे. कशालाही न लागणारा फोटो तिने स्वतःहून काढायला सांगितल्याचं मला आठवत नाही. ती तशीच उभी राहिली, कार्यालयात उभी राहते तशी, मान ताठ, हात बाजूला, ओठ मिटलेले.

मी राखी साडीवर बोट नेलं तर म्हणाली, "राखी मला म्हाईत हाय कशी दिसते ती. पिवळी लाव. नुसती बगू."

गोल पुन्हा फिरला. फोटो आला तेव्हा मी तो आधी बघितला, आणि फोन उलटा करून मांडीवर ठेवावा असं मला वाटलं. पण आई शेजारीच टेकली होती. पिवळी साडी होती, हिरवा काठ होता. तोंड आईचंच होतं, माझ्याइतकं बदललं नव्हतं. पण कपाळावर मोठं लाल कुंकू होतं. मनगटात हिरवा चुडा होता. गळ्यात मंगळसूत्र, दोन वाट्यांचं.

नवरा पेपर घेऊन गॅलरीत निघून गेला.

"ह्याला कुनी सांगलं?" आईने विचारलं.

"कोणी नाही गं. साडीच्या जाहिरातीतल्या बाईला कुंकू असतं, बांगड्या असतात. साडी म्हटलं की ते सगळ्यांना तसंच सजवत असणार."

"तुला झुमके दिले त्याने. मला कुकू. एकसारकं नाय केलान."

"तुझ्या कपाळावर काही नव्हतं म्हणून त्याने..."

"ते कसं कळलं त्याला, की माज्या कपाळावर काय नाय?" ती माझ्याकडे बघत होती, फोनकडे नाही. "तूच काय तरी दाबलंस."

मी शपथ घेतली. तिचा विश्वास बसला नाही. मी शिकलेली, मला सगळं करता येतं, असं ती वर्षानुवर्षं अभिमानाने सांगत आली होती. आज त्याच कारणाने तिला माझा संशय आला. आणि खरं सांगायचं तर मीही पुरती निःशंक नव्हते. बोटाने मी काही केलं नव्हतं. पण ते चित्र पाहताना पहिल्या क्षणी मला राग आला नव्हता, हे मला ठाऊक होतं.

"पुसून टाक," आई म्हणाली. मी तिच्यासमोर फोटो काढून टाकला. काढला असं अ‍ॅपने सांगितलंही. आईने सूप ओढून घेतलं, आणि संध्याकाळपर्यंत आमचं बोलणं चहा आणि भाताच्या पलीकडे गेलं नाही.

दुसऱ्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत मी कारखान्याच्या व्हरांड्यात डबा उघडत होते, तर वहिनीचा फोन आला. आवाज दबका.

"ताई, काकींचा फोटो तुम्ही मुद्दाम टाकलात?"

"कुठे टाकला?"

"बॅगेत. सगळ्या बघतायत सकाळपासून."

तेव्हा मला कळलं. आम्ही सगळ्या एकाच बॅगेत होतो, आणि त्या बॅगेतून जिने जी साडी नेसून बघितली तिचा फोटो बॅगेतल्या सगळ्यांना दिसत होता. इतरांना ते माहीत होतं, गंमतच त्यात होती. एकमेकींचे फोटो बघून त्या हसत होत्या. मी एवढ्या अटी वाचल्या, पण ही गोष्ट त्यांत नव्हती. लिंकच्या बटणाखाली बारीक अक्षरांत होती. परक्या माणसांनी फोटो पळवू नयेत म्हणून मी सगळ्या खिडक्या लावून घेतल्या होत्या, आणि दार वाडीकडे सताड उघडं राहिलं होतं. शहरातली एकटी बाई एकटीसाठी साडी घेते. तिच्या हातून हे घडलंच नसतं. आम्ही मिळून घेतो, म्हणून घडलं.

"मी काल काढून टाकला तो," मी म्हणाले.

"तुमच्या फोनवरनं गेला असंल. इथे आहे."

"मग तू काढ. बॅग तुझी आहे."

"एकटा नाय निघत. बॅग मोडली तरच निघंल. आणि बॅग मोडली की साड्या सुटल्या, परत तेवढ्या एकसारख्या मिळतील का सांगता येत नाय."

ती खरं बोलत होती की नाही, मी आजही ठरवू शकलेले नाही. तिला फोनमधलं सगळं येतं, मग नेमकं एवढंच कसं येत नव्हतं? मी अ‍ॅपच्या मदतीच्या जागी लिहून बघितलं. क्षणात उत्तर आलं, की तुमचा लुक फार सुंदर आहे, आणखी साड्या बघायच्या आहेत का? मी पुन्हा लिहिलं. पुन्हा तेच, शेवटी एक हसरं तोंड. पलीकडे माणूस नव्हताच. डबा तसाच बंद करून मी आत गेले.

घरी आले तेव्हा आईला कळलेलं होतं. गावाहून फोन येऊन गेला होता आणि तो पुन्हा येईल म्हणून ती वाट बघत बसली होती. आलाच. मोठ्या काकीचा, म्हणजे वडिलांच्या थोरल्या भावाच्या बायकोचा. आमच्या घरातली ती मोठी सवाष्ण, घरात पहिली हळद तिचीच. आईला फोन कानाला लावायची सवय नाही, त्यामुळे काकीचा आवाज खोलीभर ऐकू येत होता.

"काय गो, रत्नागिरीत जाऊन सवाष्ण झालीस म्हनं?"

आईने फोन दुसऱ्या हातात घेतला.

"बोल की. चुडा कुनाच्या हातानं भरलास?"

"मशीननं केलं, जाऊबाय."

"मशीनला काय कळतंय? मशीनला कुनी तरी सांगावं लागतं. तुजी शिकलेली लेक हाय ना, तिचंच हे डोकं. पुस्तकं वाचून वाचून कपाळ कुनाचं नि कुकू कुनाचं एवडं पन कळंना हिला?"

मी फोन घ्यायला हात पुढे केला. आईने तो झटकला. काल तिने मला जे विचारलं होतं, तेच आज काकी विचारत होती. मला वाटलं, आई हो म्हणेल.

"लेकीनं नाय सांगलं," आई म्हणाली. "मी सांगलं."

पलीकडे टीव्ही चालू असल्याचा आवाज येत होता.

"काय म्हनालीस?"

"फोटो मी काडायला सांगला. पिवळी लाव, ते पन मीच सांगलं. कुकू त्याचं त्यानं लावलान. तेवडं खोटं हाय. बाकी मी."

"हौस फिटली का मग?" काकी म्हणाली आणि तिने फोन ठेवला.

आईने फोन पदराला पुसला. मग म्हणाली, "दाकव तो. हाय ना अजून?"

मी वहिनीच्या बॅगेतून फोटो उघडला. आई या वेळी कुंकवाकडे बघत नव्हती. फोटोच्या खाली लाल बदाम होते, पुष्कळ. ज्याला फोटो आवडला तो बदाम दाबतो, असं मी तिला सांगितलं. तिने मला बाकीच्या बायकांचे फोटो दाखवायला लावले. वहिनीच्या फोटोखाली थोडे होते. माझ्या फोटोखाली त्याहून कमी. तिच्याइतके कुणालाच नव्हते.

"हे कुनी दिले?"

"नाव नाही कळत. अ‍ॅप सांगत नाही."

"वाडीतल्याच ना पन?"

"बॅगेत वाडीतल्याच आहेत सगळ्या."

आईने डोळे बारीक केले. मग एकेक घर घेऊन विचार करायला लागली, वरच्या आळीपासून. "ही नाय देनार. ही दील, पन नवऱ्याला घाबरते. ही तर परवा माज्याशी धड बोलली पन नाय." मग थांबून म्हणाली, "मोट्या जावेला येतो काय दाबायला?"

"काकीला? तिच्या फोनवर धाकटी सून दाबून देते सगळं."

"म्हंजे जाऊ सांगत असंल आनि सून दाबत असंल."

"अगं, आत्ता तिने तुला एवढं सुनावलं."

"म्हनून तर." ती थोडी हसली, पण ते हसू चांगलं नव्हतं, मासळीवाली जुना बांगडा ताजा म्हणून देते तेव्हा आई जशी हसते तसं होतं. "तोंडानं एक, बोटानं एक. कोन कसा हाय, काय कळंना."

त्या दिवसापासून वाडीतून कोणाचाही फोन आला की ती आवाज ऐकताना त्यात बदाम शोधायची. कोणी गोड बोललं की तिला संशय, कोणी तुटक बोललं की जास्त संशय. मलाही ती सवय लागली. वहिनी पहाटेच्या गारव्याबद्दल बोलली तरी मला वाटे, हिला काहीतरी सांगायचं आहे.

दोन-तीन दिवसांनी भाजी निवडताना आई एकदम म्हणाली, "माज्या नावावरची राखी काड. पिवळी टाक."

मी हात धुतले, फोन घेतला. मनात धाकधूक होती, की मी बदललं तर बॅगेत सगळ्यांना दिसेल आणि पुन्हा माझंच नाव येईल. येऊ दे म्हटलं. पण आईच्या नावापुढे राखी साडी नव्हतीच. पिवळी होती. कोणीतरी आधीच बदलली होती.

मी ते नीट वाचलं, शेवटच्या ओळीपर्यंत. खाली फक्त एवढंच लिहिलं होतं की बॅगेतल्या एका सदस्याने बदल केला आहे.

वहिनीला फोन लावला. "मी नाय," ती म्हणाली. "मला वाटलं तुम्हीच केलंत." बहिणीला विचारलं. तीही नाही म्हणाली, आणि वर मलाच म्हणाली, "ताई, खोटं कशाला बोलतेस? चांगलंच केलंस की." खोटं कोण बोलत होतं? कोणीतरी एक बोलतच होतं. त्यानंतर वहिनीने बॅगेची ऑर्डर देऊन टाकली.

अ‍ॅप मी त्याच दिवशी फोनवरून काढलं. पण पुढे कितीतरी दिवस मी काहीही उघडलं, बातम्या, पाककृती, रेल्वेचं वेळापत्रक, की कडेला मंगळसूत्रांच्या जाहिराती यायच्या. आईचा तो फोटो कुठे तरी आहेच. कोणत्या यंत्रात, कोणाच्या ताब्यात, कशाला लागणारा, ते मला माहीत नाही. तो गेला असं मला कोणी सांगितलं तरी मी मानणार नाही.

साड्या वहिनीच्या घरी आल्या. लग्नाला आम्ही गावी गेलो तेव्हा गठ्ठा उघडलेला होता. पिवळा रंग पडद्यावरच्यापेक्षा बराच भडक निघाला, लिंबासारखा, आणि कापड पातळ. बायका चिमटीत पोत धरून नाकं मुरडत होत्या. "फोटोत काय दिसत होती, नि हे बग. मच्छरदानी हाय." मी सुरुवातीपासून सांगत होते असं म्हणायचा मोह मी आवरला. आईची साडी मात्र तिथे होती, तशीच पिवळी. आईने ती घेतली, घडी मोडून काठ बघितला, आणि काखेत मारून आत गेली. कोणी काही बोललं नाही. कोणी हसलंही नाही. त्या न बोलण्याचा अर्थ मला लागेना.

हळदीच्या दिवशी घरापुढच्या खळ्यात मांडव होता, केळीचे खांब होते, कोपऱ्यात बेंजोवाले सूर जुळवत होते. बहीण पाटावर बसली. आई आत चुलीपुढे. तिने पिवळी साडी नेसली होती, पण वरून जुना टॉवेल बांधला होता आणि वडे थापत होती. मी दोनदा आत जाऊन आले. दोन्ही वेळा तिने मला काहीतरी बाहेर न्यायला दिलं, पाण्याचा तांब्या, वड्यांची परात. मला वाटायला लागलं, की साडी एवढंच होतं. याच्यापुढे ती येणार नाही.

मोठ्या काकीने पहिली हळद लावली. कपाळ, गाल, खांदे, हात, पाय, रीतीप्रमाणे. मग बाकीच्या सवाष्णी. मी लावली. बेंजो सुरू झाला, मुंबईहून आलेले भाऊ नाचायला लागले. हळदीचं ताट काकीच्या हातात होतं, ते तिने कोणाकडे दिलं नव्हतं. एकेकीपुढे ती धरत होती.

तेवढ्यात आई बाहेर आली. टॉवेल सोडलेला होता. हाताला थोडं पीठ होतं, ते पदराला पुसत ती सरळ मांडवात आली. कपाळ मोकळं, मनगटं मोकळी. अंगावर सगळ्यांसारखीच साडी, त्यामुळे लांबून वेगळी ओळखू येत नव्हती. जवळ आल्यावर बायकांनी ओळखलं. दोघी बाजूला सरकल्या. वाट द्यायला की लांब व्हायला, ते मी सांगू शकणार नाही. एक म्हातारी उठून घरात गेली. वहिनी खाली बघून मोबाईल पुसत राहिली.

आई काकीच्या पुढ्यात थांबली. तिने हात पसरला नाही. नुसती तिच्या तोंडाकडे बघत राहिली. त्या बघण्यात विनंती नव्हती. गेला महिनाभर ती ज्या नजरेने सगळ्यांना तपासत होती, तीच ती नजर. काकीनेही तिच्या डोळ्यांतून डोळे काढले नाहीत. ताट तिने पुढे केलं नाही. मागेही घेतलं नाही.

आईने दोन बोटं हळदीत बुडवली आणि बहिणीपुढे वाकली. बहिणीने डोळे मिटून घेतले होते, तिच्या पापण्या हलत होत्या. आईचा हात तिच्या गालावरून खाली आला, मानेवर गेला, पुन्हा गालावर आला. तो तिथेच फिरत राहिला, कपाळावर, भुवयांवर, जणू पुढचं सगळं अंग अजून लावायचं आहे हे ती विसरलीच होती.

"अगो, सावकाश," काकी ताट सावरत म्हणाली. "पोरीच्या डोळ्यात जाईल."